अमेरिकेचा रकार

इंग्रजी भाषा इंग्लंडांतून अमेरिकेंत गेली आणि तेथें बिघडली, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गांत फार दिवस रुजलेला आहे. विलायती क्रमिक पुस्तकांवर वाढलेल्या पिढ्यांना ‘वॉटर’चें ‘वॉडर’ आणि ‘हाफ’चें ‘हॅफ’ झालेलें ऐकून भाषा बाटल्यासारखी वाटते. उलट आजचीं तरुण मुलें त्याच उच्चारांसाठीं जिवाचा आटापिटा करतात. हे दोन्ही पक्ष इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतात, तें पाहूं.

सन १६०७ मध्यें जेम्सटाउन येथें व १६२० मध्यें प्लिमथ येथें इंग्रज वसाहतवाले उतरले. त्या काळीं ‘कार्ड’, ‘फादर’ इत्यादि शब्दांतील रकार इंग्लंडांतही सामान्यतः उच्चारला जात असे. आणि ‘बाथ’, ‘डान्स’ यांतील स्वर अद्याप दीर्घ ‘आ’ झालेला नव्हता. वसाहतवाल्यांनीं हेच उच्चार बरोबर नेले. बदल झाला तो पुढें अठराव्या शतकांत, आणि तोही लंडनकडे. ज्याच्या मागोमाग स्वर येत नाहीं असा रकार तेथें विरूं लागला. जॉन वॉकर याच्या १७९१ च्या उच्चारकोशांत, लंडनकरांच्या तोंडीं हा रकार जवळजवळ स्वरांतच मिळून जातो, अशी नोंद आहे. म्हणजे या दोन बाबतींत तरी जुनें अमेरिकेनें जपलें आणि नवी चाल इंग्लंडनें काढली.

तथापि अमेरिका ही केवळ जुन्याची कोठी नव्हे. दोन स्वरांमध्यें सांपडलेल्या ‘ट’च्या वेळीं जीभ टाळूस ओझरती लागून निघून जाते व आमच्या कानांस ‘ड’ ऐकूं येतो. ही मागाहूनची भर होय. शिवाय नोआ वेब्स्टर याचें कार्य आहेच. ज्यानें राज्य स्वतंत्र केलें त्या राष्ट्राची भाषाही स्वतंत्र असावी, हा त्याचा ध्यास. त्याचें १७८३ चें वर्णलेखनाचें पुस्तक घरोघर गेलें आणि सत्तरीच्या सुमारास, १८२८ मध्यें, त्यानें सुमारें ७०,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला.

रकाराचें नशीब मात्र तेथेंही एकसारखें राहिलें नाहीं. लंडनशीं दळणवळण असलेल्या बोस्टन, न्यूयॉर्क, चार्ल्सटन या बंदरांनीं तो टाकला, फिलाडेल्फियानें राखला. १९३३ मध्यें अध्यक्षपदीं आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या भाषणांत हा रकार लुप्त असे, आणि तेंच खानदानीपणाचें लक्षण गणलें जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर वारें फिरलें. १९६२ मध्यें विल्यम लाबोव्ह यांनीं न्यूयॉर्कच्या तीन दुकानांतील नोकरांना, चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तु कोठें आहे, असें विचारलें. उत्तरांतील ‘फोर्थ फ्लोअर’ या दोन शब्दांत रकार ऐकावयाचा, एवढीच युक्ति! महागड्या दुकानांत तो अधिक ऐकूं आला, स्वस्त दुकानांत सर्वांत कमी. आणि पुन्हा विचारतांच पुष्कळांनीं तो सांवरून उच्चारला. जो रकार गाळणें लंडनांत प्रतिष्ठेचें, तोच उच्चारणें न्यूयॉर्कांत प्रतिष्ठेचें! अर्थात् थोरवी ध्वनींत नसून बोलणाराच्या मानमरातबांत असते.

आतां आमच्याकडे पाहूं. आम्ही ‘डॉक्टर’, ‘मोटार’ म्हणतांना रकार राखतों, पण ‘क्लास’, ‘हाफ’ म्हणतांना विलायती ‘आ’ घेतों. आमचा रकारही अमेरिकन नव्हे: आमची जीभ टोंकानें टाळूस लागते, अमेरिकन जीभ न लागतां मागें आखडते. म्हणजे आमची इंग्रजी ही या दोहोंहून निराळी, तिसरीच. परदेशीं राहणारानें वा तिकडच्या लोकांशीं नित्य काम पडणारानें तेथील उच्चार अवश्य शिकावे. ऐकणाराचे श्रम वांचविणें हा शिष्टाचारच आहे. परंतु त्या उच्चारांच्या जोरावर मुलानें बापाच्या इंग्रजीची लाज बाळगावी, किंवा बापानें मुलाच्या इंग्रजीस भ्रष्ट म्हणावें, याला इतिहासांत कसलाही आधार नाहीं.