क्रूझर किती पळते?

मंडळी, रस्त्यात नवी मोटरसायकल दिसली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. ‘किती देते?’ आणि ‘किती पळते?’ दुसऱ्या प्रश्नाला क्रूझरवाला जरा चाचरतो. एवढी भारदस्त गाडी, मग तिच्याच ताकदीची साधी मोटरसायकल पुढे कशी जाते?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. क्रूझरची लांब, बुटकी ठेवण जुन्या अमेरिकन गाड्यांवरून आली. हार्ले-डेव्हिडसनने 1936 साली ‘नकलहेड’ इंजिन आणलं, सुमारे 1000 सीसीचं. त्याची कर्तबगारी दाखवायला 13 मार्च 1937 रोजी जो पेट्राली डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरला. वारा कापता यावा म्हणून गाडीला खास आवरण चढवलं होतं. पण वेग वाढला तसं त्या आवरणापायीच पुढचं चाक हलकं व्हायला लागलं! शेवटी ते काढून टाकलं, पेट्राली टाकीवर ओणवा झाला आणि गाडी ताशी 136.183 मैल धावली. म्हणजे सुमारे 219 किमी.

थोडक्यात, इंजिनाखेरीज दोन गोष्टी आडव्या येतात. वारा आणि तोल.

वाऱ्याचा हिशोब फार कडक. वेग दुप्पट केला की विरोध चौपट, आणि त्याला पुरून उरायला ताकद आठपट लागते. त्यात क्रूझरवर आपण पाय पुढे टाकून, छाती रुंद करून ऐसपैस बसतो. वाऱ्याला आवतणच!

आपल्या पुण्याच्या बजाजचं उदाहरण घ्या. 2010 साली आलेल्या ॲव्हेंजर 220 मध्ये पल्सर 220 चंच इंजिन होतं, पण ताकद थोडी कमी ठेवलेली. पल्सरवर माणूस वाकून वारा चुकवू शकतो. ॲव्हेंजरची बैठकच वाकू देत नाही.

उलट यामाहाची व्हीमॅक्स पाहा. 2009 च्या मॉडेलमध्ये 1679 सीसीचं, 200 च्या आसपास हॉर्सपॉवरचं इंजिन. ताकदीला तोटा नाही. तरी कंपनीनेच 220 किमीला इलेक्ट्रॉनिक लगाम घातला. बहात्तर वर्षांनंतर, पेट्रालीच्या जेमतेम एक किमी पुढे!

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे घरातली तरुण मंडळी. इंजिन खोलून वेग वाढवायची हौस फार. पण 100 चे 110 करायचे तर ताकद साधारण तेहतीस टक्के जास्त लागते. ती मिळवलीच, तरी ब्रेक, टायर आणि चासी जुनीच राहते, आणि मान आपलीच असते.

क्रूझरचा वेग इंजिनाच्याही आधी तिच्या बैठकीने ठरवलेला असतो. बनवणाऱ्यांनी तो जाणूनबुजून सोडला आणि त्या बदल्यात आराम घेतला. तेव्हा क्रूझर घेताना ‘किती पळते?’ऐवजी ‘किती तास बसवेल?’ असं विचारा. मालक अजिबात चाचरणार नाही.