जावळीवरून जाणारी सरळ रेषा

मुंबई व कोल्हापूर येथील विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली, तर ती सुमारे ३१० किलोमीटर भरते. कोकणातून महाडाच्या आसपास येऊन ती प्रतापगडाच्या अगदी जवळून घाटमाथ्याकडे वळते. जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण मेढा हे तिच्या पूर्वेस अवघ्या अठरा-वीस किलोमीटरांवर राहते. विमाने नेमकी याच रेषेने जातात असे नव्हे. तथापि दोन शहरांमधील अंतर मोजण्याचे ते सर्वांत प्रामाणिक माप होय.

या रेषेखालचा मुलूख मात्र सरळ मार्गाचा कधीच नव्हता. इ. स. १६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली व पुढे प्रतापगड उभा केला. १६५९ मध्ये वाईस तळ देऊन बसलेला अफझलखान रडतोंडीच्या घाटाने पारास उतरला. वाई ते प्रतापगड हे सरळ अंतर पुरते पस्तीस किलोमीटरही नाही. परंतु ती वाट कशी होती, हे घाटाचे नावच सांगते. या खोऱ्याचे रक्षण अंतराने केले नाही, ते प्रवासास लागणाऱ्या वेळाने केले.

आगगाडीनेही या डोंगरांस वळसाच घातला. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि करवीरचा मुंबईशी संबंध जुळला. पण पुण्यावरून जाणारा तो मार्ग सुमारे ५१८ किलोमीटरांचा, म्हणजे सरळ रेषेच्या दीडपटीहून अधिक. शिवाय पुणे–मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंदमापी होईपर्यंत प्रवाशाला वाटेत गाडी बदलावी लागे. अंतराची वाढ आणि गाडीची प्रतीक्षा या दोहोंत रात्र सरत असे.

मग आले विमान. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकट्याने निघाले व अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासेस नेले. ताशी सुमारे १६० किलोमीटर जाणाऱ्या त्या इवल्याशा एकइंजिनी विमानाला मुंबई–कोल्हापूर अंतर कापण्यास दोन तास पुरे झाले असते. कोल्हापूरचा विमानतळही राजाराममहाराजांच्या कारकीर्दीतलाच. पुढे दीर्घकाळ तेथील नियमित वाहतूक कधी चालू, कधी बंद अशी राहिली; २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या उडान योजनेखाली कोल्हापूर पुन्हा मुंबईशी जोडले गेले. या प्रवासास सुमारे एक तास लागतो, आणि त्यातला बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. वाईहून प्रतापगडापर्यंतचे अंतर आजचे विमान चार-पाच मिनिटांत मागे टाकील.

परंतु या तासाचा लाभ खाली कोणाला होतो? मेढ्याचा मनुष्य विमानाने मुंबईस जाऊ म्हणेल, तर त्याला प्रथम २५ किलोमीटरांवरील सातारा गाठावा लागतो. तेथून उत्तरेस पुणे, दक्षिणेस कोल्हापूर. दोन्ही विमानतळ मेढ्याहून रस्त्याने दीडशे किलोमीटरांच्या आसपास. कोल्हापूरचे विमान धरावे, तर तीन तास मुंबईकडे पाठ करून प्रवास करायचा आणि मग आकाशमार्गे आपल्याच खोऱ्याजवळून परत यायचे! पोटासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या जावळीकराने म्हणूनच मोटारीचा रस्ता सोडला नाही.

विमानतळांमधले अंतर किलोमीटरांत मोजता येते; माणसाचे अंतर उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत आणि तेही घड्याळावर मोजावे लागते. वेण्णेच्या काठी उभे राहून आकाशातील घरघर ऐकणाऱ्यास हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. सरळ रेषा त्याच्या डोंगरांजवळून गेली खरी. त्याच्या दारात यायला तिला अजून रस्त्याचीच मदत घ्यावी लागते.