सव्वाबारा ते सव्वाचार

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ऊन आहे, घरोघरी एसी चालू आहेत. पण विजेची मागणी विक्रमी वगैरे नाही.

दुपारी १२.१५ : ओहायोसह आसपासच्या राज्यांच्या ग्रिडवर देखरेख करणाऱ्या ‘एमआयएसओ’च्या संगणकात चुकीची माहिती शिरते. दर पाच मिनिटांनी ग्रिडची प्रकृती तपासणारा प्रोग्रॅम भलतीच उत्तरं देऊ लागतो. तंत्रज्ञ चूक शोधून दुरुस्त करतो, पण प्रोग्रॅम पुन्हा आपोआप चालण्यावर टाकायचं विसरतो आणि जेवायला जातो.

१.३१ : एरी सरोवराकाठच्या ईस्टलेक वीजकेंद्रातला पाच नंबरचा संच बंद पडतो. सुमारे ६०० मेगावॉट गेले. क्लीव्हलंड आता बाहेरून जास्त वीज ओढू लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. संच बंद पडतच असतात.

२.१४ : खरी पडझड इथे सुरू होते, आणि तिचा आवाज होत नाही. ‘फर्स्टएनर्जी’ या वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा सॉफ्टवेअरमधल्या एका दडलेल्या दोषामुळे अडकून बसते. प्रणाली १९९५ पासून वापरात होती, ती बदलायचंही ठरलं होतं. पडदे काळे पडले असते तर निदान कोणी उठून पाहिलं असतं. पण पडदे चालूच आहेत, फक्त अलार्म येत नाही. आणि अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक, असंच तिथे बसलेल्यांनी धरायचं असतं.

२.३२ : शेजारच्या ‘एईपी’ कंपनीचा फोन. स्टार–साउथ कँटन लाइन ट्रिप होऊन परत आली, तुम्हाला दिसलं का? आमच्याकडे तसं काही नाही, असं उत्तर जातं.

२.४१ : मुख्य सर्व्हर कोसळतो. २.५४ ला राखीवही. संगणक विभागाला आपोआप संदेश जातो, ३.०८ ला हा विभाग सर्व्हर पुन्हा सुरू करतो. अलार्म सुरू झाला का, हे नियंत्रण कक्षाला विचारायचं राहून जातं.

३.०५ : हार्डिंग–चेंबरलिन ही ३४५ केव्हीची लाइन झाडाला टेकून ट्रिप होते. तिच्यावर क्षमतेच्या फक्त ४४ टक्के भार होता. तार तापली की लोंबते, हे वायरमनला शिकवावं लागत नाही. खाली झाड किती वाढू द्यायचं, एवढाच प्रश्न असतो. झाडछाटणीवरचा खर्च ताळेबंदात फुकट गेल्यासारखा दिसतो, आणि खर्च कमी करायला निघालेल्या साहेबांना तो आधी सापडतो.

३.३२ : हॅना–जुनिपर. पुन्हा झाड.

३.४१ : स्टार–साउथ कँटन. तिसरं झाड. एव्हाना फोन खणाणताहेत. संगणकावर काहीच नवं येत नाहीये, हे नियंत्रण कक्षातल्या एकाच्या लक्षात येतं.

यानंतरच्या पंचवीसेक मिनिटांत १३८ केव्हीच्या लाइन एकापाठोपाठ एक पडतात. मोठ्या लाइनचा भार त्यांना पेलणारा नव्हताच. क्लीव्हलंड–अ‍ॅक्रन भागातली १,५०० मेगावॉट मागणी या वेळात तोडली असती तर पुढचं टळलं असतं, असं चौकशी समितीने नंतर म्हटलं. म्हणजे भारनियमन! आपण ज्याच्या नावाने वर्षानुवर्षं बोटं मोडली, तेच करायला तिथे कोणी पुढे आलं नाही.

४.०५ : सॅमिस–स्टार लाइन जाते. या वेळी झाड नाही. वाढलेला भार आणि घटलेला दाब पाहून संरक्षक रिले त्याला दूरवरचा शॉर्टसर्किट समजतो आणि लाइन तोडतो. आता माणसाच्या हातात काही उरलेलं नाही.

४.१० ते ४.१३ : वीज एरी सरोवराला वळसा घालून उलटी धावते. रिले आपापली यंत्रं वाचवण्यासाठी ती ग्रिडपासून तोडत जातात. २६५ वीजकेंद्रांतले ५०८ संच बंद. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या बोगद्यात थांबतात, क्लीव्हलंडचे पाण्याचे पंप बंद पडतात, डेट्रॉइट आणि टोरंटो अंधारात जातात. आठ राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टारिओ मिळून सुमारे पाच कोटी माणसांची वीज गेलेली असते.

ग्रिड कसं सांभाळावं याचे नियम तेव्हाही होते, पण ऐच्छिक. २००५ साली कायदा झाला, जून २००७ पासून ते सक्तीचे झाले. तारांखालची झाडं छाटणंही त्यात आलं. नियम मोडला तर दिवसाला दहा लाख डॉलरपर्यंत दंड, असं तेव्हा ठरलं.