बडोदेकर, हिराबाई

(मे 1905 – 20 नोव्हेंबर 1989). किराणा घराण्याच्या श्रेष्ठ गायिका व संगीत रंगभूमीवरील अभिनेत्री. जन्म मिरज येथे. वडील किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने या बडोदे संस्थानच्या सरदार घराण्यातील. हिराबाईंचे पाळण्यातले नाव चंपाकली. ताराबाई व खाँसाहेब 1922च्या सुमारास विभक्त झाले. ताराबाई पाचही मुलांना घेऊन स्वतंत्र राहू लागल्या आणि मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू झाले, चंपाकली हिराबाई, गुलाब कमलाबाई आणि सकीना सरस्वतीबाई. हिराबाईंनी लावलेले आडनावही आईच्या बडोद्याचेच.

हिराबाईंची कारकीर्द समजून घ्यायची तर ताराबाईंपासूनच सुरुवात करावी लागते. पाच मुले पदरात, नवऱ्याचा आधार नाही, अशा स्थितीत या बाईंनी मुलांच्या गाण्यावरच घर उभे केले. त्यांनी ‘नूतन संगीत विद्यालय’ काढले. हिराबाईंना वडिलांकडून थेट तालीम फारशी मिळाली नाही. त्यांना घडवले ते उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांनी, आणि जोडीला थोरले बंधू सुरेशबाबू होते. वहीद खाँची स्वरास्वराने संथ चालणारी बढत हिराबाईंनी आत्मसात केली. पण त्यांचा गळा होता बारीक, लडिवाळ आणि वडिलांच्या आवाजाशी नाते सांगणारा. या दोहोंच्या मिलाफातून त्यांचा ख्याल सिद्ध झाला. त्यांच्या गाण्यात चमत्कृतीला जागा नव्हती. सूर नेमका लागला की त्यांना पुरे वाटे.

त्या काळी गाणाऱ्या बाईची मैफल धनिकाच्या दिवाणखान्यात किंवा लग्नसमारंभात होई. बिदागी यजमान ठरवी, श्रोतेही तोच निवडी. घरंदाज स्त्रियांनी अशा मैफलीला जाणे जवळजवळ अशक्यच होते. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. असे करणाऱ्या पहिल्या भारतीय गायिका असा मान त्यांना दिला जातो. तिकीट काढणारा कोणीही त्यांचा श्रोता झाला आणि मध्यमवर्गीय बायका नवऱ्याबरोबर, मुलींना घेऊन गाणे ऐकायला येऊ लागल्या. हिराबाईंचे बैठकीतले वागणेही याला पोषक होते. दोन्ही खांद्यांवरून पदर, स्थिर बैठक, हातवारे व अदाकारी वर्ज्य. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे सर्वांत मोठे कार्य हेच होय. पुढच्या पिढीतील गायिकांना स्वरमंच मोकळा मिळाला तो यामुळे.

ताराबाईंनी 1929 मध्ये विद्यालयाची नाट्यशाखा सुरू केली. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र लुब्ध होता आणि केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या वेगळ्या चालत. अशा काळात एकाच रंगमंचावर पुरुषांच्या भूमिका पुरुषांनी व स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी कराव्यात, असा या मंडळीचा बाणा होता. ‘सौभद्र’मधील सुभद्रा व ‘साध्वी मीराबाई’मधील मीरा या हिराबाईंच्या गाजलेल्या भूमिका. नाटकमंडळीचा खर्च मात्र झेपला नाही व काही वर्षांतच ती बंद पडली. पैशाच्या हिशेबात हा उद्योग बुडाला असला, तरी स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हा आग्रह अखेरीस मराठी रंगभूमीने स्वीकारला. ‘सुवर्णमंदिर’, ‘प्रतिभा’, ‘जनाबाई’, ‘म्युनिसिपालिटी’ या चित्रपटांतही त्यांनी कामे केली. पण पडद्यावर त्या फार रमल्या नाहीत.

त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोचल्या. तीन मिनिटांत रागाचे रूप उभे करण्याची हातोटी त्यांना साधली होती. ख्यालाबरोबरच ठुमरी, भजन, नाट्यपद आणि भावगीतही त्या तितक्याच निष्ठेने गात. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांच्यासह त्यांनी केलेली जुगलबंदी हे स्त्री-कलावंतांच्या सहगायनाचे आरंभीचे उदाहरण मानले जाते. चीन व पूर्व आफ्रिकेतही त्यांचे गायन झाले. त्यांना ‘गानहिरा’ म्हणून गौरवले गेले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (1965), पद्मभूषण (1970) आणि विष्णुदास भावे गौरवपदक हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान.

प्रभा अत्रे यांना प्रथम सुरेशबाबूंची व पुढे हिराबाईंची तालीम मिळाली. मालती पांडे व जानकी अय्यर याही त्यांच्या शिष्या. हिराबाईंचे निधन पुण्यात झाले.