नदीची हद्द कोणी राखावी?

श्रोतेहो, नरसीच्या माणसाला नदी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नामदेवांचे हे गाव कयाधूच्या काठचे. पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, हे येथील म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक असते. परंतु गावाचे शहर होऊ लागले म्हणजे ही तोंडी हद्द टिकत नाही. ती कागदावर आखावी लागते, आणि कोणीतरी राखावी लागते. राखणदारच ती ओलांडू लागला तर काय होते, हे पुण्याच्या मुठेकाठी पाहावे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि काठावरच्या पेठांतील घरे कोसळली. दोष माणसांचा होता, नदीचा नव्हे. पुढे १९८९ साली राज्याच्या पाटबंधारे खात्याने पूररेषांचे नियम घालून दिले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत मैदान असावे, बाग असावी, घर असू नये. दोहोंच्या मध्ये बांधकामावर निर्बंध. विकास आराखड्यात या रेषा दाखवून त्या पाळविणे हे महापालिकेचे काम होय.

घडले काय? विठ्ठलवाडीजवळ महापालिकेनेच निळ्या रेषेच्या आत भराव घालून रस्ता काढला. नागरिकांनी दाद मागितली, तेव्हा २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो रस्ता शक्य तितका रेषेबाहेर सरकवून खांबांवर नेण्यास फर्माविले. पुण्याची निळी रेषा सेकंदाला ६० हजार घनफूट विसर्ग धरून आखलेली आहे. पण जुलै २०२४ मध्ये सुमारे ३५ हजारांनीच एकतानगरीतील घरांत पाणी शिरले.

मुंबईची कथा वेगळी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी वस्त्यांत शिरली. त्यानंतर नदी रुंद करण्यासाठी काठच्या झोपड्या उठविण्यात आल्या. पण विमानतळाची धावपट्टी मिठीवरून गेली आहे, आणि वांद्रे-कुर्ला संकुल तिच्या मुखाजवळची दलदल भरून उभे राहिले आहे. ही दोन्ही कामे सरकारी योजनेतलीच ना?

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. मजूर नदीकाठी हौसेने राहत नाही. कामाजवळ परवडेल अशी दुसरी जागा त्याला मिळत नाही. पूर आला की पहिले नुकसान त्याचे, आणि पूर ओसरला की पहिला हातोडाही त्याच्याच भिंतीवर. म्हणून पूररेषा नको, असे आम्ही म्हणत नाही. ती सर्वांत जास्त त्यालाच हवी आहे. आमचे म्हणणे एवढेच की, रेषेचे बंधन प्रथम ती राखणाऱ्या संस्थेवर असावे, आणि काठावरून माणूस हलविण्यापूर्वी त्याला कामाजवळ पक्के घर मिळावे.

कयाधूकाठी अजून मोकळी जमीन आहे. तेथे पूररेषेचे दगड आजच रोवले, तर उद्या कोणाचे घर पाडण्याची वेळ येणार नाही. ही मागणी ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत आपणच मांडली पाहिजे.