इंग्रजीतून आभार कसे मानावेत?

धुळे-जळगाव महामार्गावरील पारोळा हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भुईकोट किल्ला, बालाजी महाराजांचा रथ आणि घराघरांत बोलली जाणारी अहिराणी ही त्याची ओळख. अशा गावातील शाळा-महाविद्यालयांत स्नेहसंमेलन असले, की शेवटचा कार्यक्रम ठरलेला असतो. तो म्हणजे आभारप्रदर्शन. श्रोते चपला शोधू लागलेले असतात, मंडपवाल्याचे लक्ष खुर्च्यांकडे असते आणि व्यासपीठावर एखादा विद्यार्थी हातात कागद घेऊन उभा राहतो. मराठीतून बोलायचे असेल तर त्याचे निभावून जाते. परंतु पाहुणे बाहेरगावचे आहेत म्हणून ‘यंदा आभार इंग्रजीतून’ असे ठरले, की प्रत्येक वाक्य आधी मराठीत सुचते आणि मग इंग्रजीत उतरते. गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना. त्याआधी अनेक वर्षे इंग्रजीशी पहिली गाठ पडे ती पाचवीत, आणि कित्येकांच्या हाती असे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. भाषांतराच्या वाटेने व्याकरण पक्के होते, यात शंका नाही. मात्र आभार ही भाषांतराची वस्तू नाही. प्रत्येक समाजाची आभार मानण्याची, आणि न मानण्याचीही, एक रीत असते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आभारप्रदर्शनाच्या भाषणातच सापडते. ‘त्यांचे आभार मानून त्यांना परके न करता त्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करीन,’ हे वाक्य ऐकले नाही असा मराठी श्रोता विरळाच. मराठीत ते शोभते. त्यामागे आपलेपणा आहे; आभाराने हिशेब मिटतो आणि नाते संपते, ही जुनी समजूत आहे. तेच वाक्य ‘आय विल नॉट थँक हिम, आय प्रिफर टू रिमेन इन हिज डेट’ असे उतरले, की इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटते, हा गृहस्थ आभार मानायला नकार देतो आहे आणि शिवाय उसने घेतलेले परत करण्याचाही याचा विचार दिसत नाही! ऋणाची कल्पना इंग्रजीला अपरिचित आहे असे नव्हे. ‘आय ॲम डीपली इंडेटेड टू यू’ हे शुद्ध आणि भारदस्त इंग्रजी आहे. फरक इतकाच, की तेथे ऋण मान्य करणे हेच आभार असते. आभार नाकारून ऋण पत्करण्याची मराठी खुबी त्या भाषेत नाही.

‘वेळात वेळ काढून आलात’ याचीही तीच गत. ‘टेकिंग टाइम आउट ऑफ टाइम’ असे काही इंग्रजीत होत नाही. ‘थँक यू फॉर टेकिंग द टाइम टू बी विथ अस’ एवढे पुरे. ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणून शाल-श्रीफळ द्यावे, पण पाकळीचे भाषांतर करण्याच्या फंदात पडू नये. ‘प्लीज ॲक्सेप्ट धिस स्मॉल टोकन ऑफ अवर ग्रॅटिट्यूड’ हे त्या जागी नेमके बसते.

आता व्याकरणाकडे. मराठीत आभार कोणाचे तरी मानले जातात आणि धन्यवाद कोणाला तरी दिले जातात. त्या ‘ला’च्या सवयीने ‘आय थँक टू माय टीचर्स’ असे वाक्य तयार होते. ते चुकीचे आहे. ‘थँक’ हे क्रियापद सकर्मक असून ज्याचे आभार मानायचे ती व्यक्ती त्याचे थेट कर्म असते. म्हणून ‘आय थँक माय टीचर्स.’ ‘टू’ येतो तो नाम किंवा विशेषण असेल तेव्हा, म्हणजे ‘माय थँक्स टू माय टीचर्स’, ‘आय ॲम ग्रेटफुल टू माय टीचर्स’. येथे एक खड्डा आहे. वाक्याच्या आरंभी ‘थँक्स टू’ आले, की त्याचा अर्थ ‘च्यामुळे’ असा होतो आणि त्यात आभार असतीलच असे नाही. ‘थँक्स टू द रेन, द मॅच वॉज कॅन्सल्ड’ म्हणणारा पावसाचे उपकार स्मरत नसतो. ‘थँक्स टू अवर प्रिन्सिपल, द प्रोग्रॅम एंडेड लेट’ असे कोणी भाबडेपणाने बोलून गेला, तर पुढचे स्नेहसंमेलन त्याच्या वाट्याला येणे कठीण.

ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे तिच्याआधी ‘फॉर’ येतो, आणि ती गोष्ट क्रिया असेल तर क्रियापदाला ‘इंग’ लागतो. ‘थँक यू टू कम’ किंवा ‘थँक यू फॉर कम’ नव्हे. ‘थँक यू फॉर कमिंग’. आभाराचे प्रमाण वाढवताना ‘व्हेरी व्हेरी थँक्स’ सर्रास ऐकू येते. ‘थँक्स’ हे अनेकवचनी नाम आहे, त्याला ‘व्हेरी’ लागत नाही. ‘मेनी थँक्स’, ‘थँक्स अ लॉट’, ‘थँक यू व्हेरी मच’ यांपैकी काहीही चालेल. मराठीतील ‘आभार’ही नेहमी अनेकवचनीच असतात, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा. जाता जाता, आभार ‘व्यक्त’ करायचे नसतात, मानायचे असतात; व्यक्त करायची ती कृतज्ञता. इंग्रजी सुधारताना मराठीही जपलेली बरी.

‘थँकफुल’ आणि ‘ग्रेटफुल’ या दोन शब्दांत सूक्ष्म भेद आहे. बस वेळेवर मिळाली, संकट टळले, अशा सुटकेच्या भावनेला ‘थँकफुल’ अधिक जवळचा. माणसाने केलेल्या उपकारासाठी ‘ग्रेटफुल’ अधिक योग्य. या दुसऱ्या शब्दाचा ‘ग्रेट’ म्हणजे थोर याच्याशी काही संबंध नाही. म्हणून स्पेलिंग ‘जी-आर-ई-ए-टी’ने नव्हे, तर ‘जी-आर-ए-टी-ई’ने सुरू होते. अर्जांमध्ये ही चूक वारंवार दिसते.

अर्जाच्या शेवटी ‘थँकिंग यू’ लिहून स्वल्पविराम देण्याची पद्धत ब्रिटिश कचेऱ्यांच्या काळापासून चालत आली आहे. आपल्याकडील कार्यालयांत ती आजही खपते. पण ते अपुरे वाक्य आहे. ‘थँक यू फॉर कन्सिडरिंग माय ॲप्लिकेशन’ असे पूर्ण वाक्य लिहिणे चांगले. काम होण्याआधीच ‘थँक्स इन ॲडव्हान्स’ लिहिले, तर वाचणाऱ्याला ते गृहीत धरल्यासारखे वाटू शकते. त्याऐवजी ‘आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड...’ असे लिहावे आणि मधला ‘इट’ विसरू नये.

कोणी आपले आभार मानले तर काय बोलावे, हा प्रश्न शाळेत क्वचितच शिकवला जातो. ‘मेन्शन नॉट’ हे उत्तर भारताबाहेर फारसे कोणाला कळणार नाही. ‘यू आर वेलकम’, ‘नॉट ॲट ऑल’, ‘माय प्लेझर’ ही सरळ उत्तरे आहेत. ‘सेम टू यू’ हे शुभेच्छांचे उत्तर आहे, आभारांचे नव्हे. कोणी स्तुती केली तर मराठी माणूस ‘छे, छे, कसचं काय’ म्हणून ती परतवतो. इंग्रजीत तसे केले, तर स्तुती करणाऱ्याचे मत खोडून काढल्यासारखे होते. तेथे नुसते ‘थँक यू’ म्हणावे. ते गर्वाचे लक्षण नाही.

याउलट, इंग्रजीची ही सवय घरात आणताना मात्र सावध असावे. खानदेशात पाहुण्याच्या ताटात भरीत आणि कळण्याची भाकरी आग्रहाने वाढली जाते, त्या आग्रहाला उत्तर असते ते दुसरी भाकरी घेणे. पुण्याहून वा परदेशातून सुटीत आलेला नातू पाण्याच्या पेल्यासाठी ‘थँक यू आजी’ म्हणतो, तेव्हा आजी हसते, पण क्षणभर तिला आपण परक्या घरात असल्यासारखे वाटते. नातवाचे काही चुकलेले नसते. इंग्रजी घरांत आई-मुलांतही दिवसातून दहादा ‘थँक यू’ होते आणि ते न म्हणणे हा उद्धटपणा ठरतो. गोव्यात कोंकणी माणूस आभारासाठी ‘देव बरें करूं’ म्हणतो, म्हणजे परतफेडीचे काम देवावर सोपवतो. इंग्रजी ‘थँक’ हा शब्द ‘थिंक’ या शब्दाच्याच मुळातून आलेला आहे. त्यात आठवण ठेवण्याचा भाव आहे.

म्हणूनच इंग्रजीत आभार मानताना विशेषणांपेक्षा तपशील अधिक बोलका ठरतो. आभारप्रदर्शनाच्या कागदावर ‘एस्टीम्ड’, ‘ऑगस्ट’, ‘इनव्हॅल्युएबल’ अशी आरास करण्यापेक्षा एवढेच लिहावे : ‘ऑन बिहाफ ऑफ द कॉलेज, आय वुड लाइक टू थँक अवर चीफ गेस्ट फॉर कमिंग ऑल द वे टू पारोळा, अँड फॉर आन्सरिंग सो मेनी ऑफ अवर क्वेश्चन्स.’ पाहुण्याने नेमके काय केले ते त्यात आले. ‘ऑन बिहाफ ऑफ’मध्ये ‘द’ घालू नये, इतकी काळजी घेतली म्हणजे झाले.

हाच विद्यार्थी दोन वर्षांनी पुण्यात किंवा मुंबईत मुलाखतीला बसतो. प्रश्नोत्तरे बरी होतात आणि उठताना पाठ केलेले ‘थँक यू फॉर गिव्हिंग मी धिस गोल्डन अपॉर्च्युनिटी’ बाहेर पडते. समोरच्यांनी ते त्या दिवशी अनेकदा ऐकलेले असते. ‘थँक यू फॉर युवर टाइम’ हे पाच शब्द, समोरच्याकडे पाहून, घाई न करता म्हटले तरी चालतात. ‘थ’चा उच्चार मराठी वळणाचा झाला तरी हरकत नाही. फक्त ‘टँक’ होऊ देऊ नये.