घटिका मोजणाऱ्याचा डोळा लागला तर

दिवसाच्या साठ घटिका मोजण्यासाठी आपल्याकडे पाण्यावर घटिकापात्र ठेवीत. ते बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, भरली. मात्र मोजणाऱ्याचा डोळा लागला तर पात्र तळाशीच राही आणि काळ पुढे निघून जाई. संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला.

एका यंत्रात अनेक यंत्रांचा आभास निर्माण करण्याचा प्रयोग आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज केंद्रात १९६४ साली सुरू झाला. आभासी यंत्रातील कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, सारे यंत्र आपलेच समजतो. वस्तुतः प्रोसेसर त्याला पाळीपाळीने मिळतो. पाळी नसता तो निद्रिस्त असतो आणि आपण झोपलो होतो, हे त्याला उमगतही नाही. आयबीएमच्या सत्तरच्या दशकातील सिस्टिम/३७० यंत्रांत दोन साधने दिसतात: एक अखंड चालणारे घड्याळ, दुसरे केवळ प्रोसेसरचा खर्च झालेला वेळ मोजणारे.

पुढे, १९९९ पासून, व्हीएमवेअरमुळे आभासी यंत्रे साध्या संगणकांवर आली. तेथील कर्नल टाइमरचे ठोके मोजून वेळ ठरवीत. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मध्ये पीसीवर हे ठोके सेकंदाला १०० वरून १००० झाले, आणि ते हुकण्याचा धोकाही वाढला. हुकलेले ठोके यजमान प्रणाली मागाहून भराभर देई. कर्नलही आपल्या परीने तूट भरून काढी. दोघांनी एकच तूट भरली की मागे पडलेले घड्याळ पुढे धावे. दोन व्यवहारांपैकी आधीचा कोणता, हे ज्या नोंदींवरून ठरवायचे, त्यांचाच भरवसा अशाने डळमळतो.

इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात घडलेल्या झेन प्रणालीने २००३ मध्ये पाहुण्या कर्नलला तीन काळ वेगळे करून दिले: यंत्र सुरू झाल्यापासूनचा, त्याच्या स्वतःच्या पाळीपुरता आणि भिंतीवरच्या घड्याळाचा. केव्हीएम प्रणालीत यजमान स्मृतीतील सामाईक पानावर वेळ नोंदवतो. त्यानंतर सरलेला अंश पाहुणा प्रोसेसरच्या गणकावरून काढून त्यात मिळवतो. झोपेत किती ठोके हुकले, याचा हिशेब करण्याची गरजच उरत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटत नाही. मराठीने 'काळ' आणि 'वेळ' हे दोन शब्द पूर्वीपासून जपले आहेत. आपल्या वाट्याची वेळ म्हणजेच सारा काळ, असे मानण्याची चूक यंत्राला निस्तरावी लागली. ती आपणही करू नये.